बाळ बोलत नाही, यात आईचा काय गुन्हा?

आमच्या मंडळाच्या बैठकीला येणारी एक मैत्रीण चार घरची धुणी-भांडी करते. तिचा मुलगा दोन वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलत नव्हता. दवाखान्यात तिला सांगितलं गेलं, "तुम्ही दिवसभर बाहेर असता, मुलाशी बोलत नाही, म्हणून तो बोलत नाही." सासू हेच म्हणत होती. आता त्यावर डॉक्टरांचा शिक्का बसला. बैठकीत हे सांगताना ती रडली. खरं सांगते, मलाही क्षणभर वाटलं, 'असेलही तसं.' चळवळीत इतकी वर्षं काढूनही!

पुढे आम्ही दोघी मोठ्या रुग्णालयात जाऊन मुलाचे कान तपासून आलो. त्याला दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येतं. आई गुन्हेगार ठरली होती, त्यामुळे खरं कारण शोधायचंच राहून गेलं होतं. मोलाचे महिने वाया गेले.

मोलाचे अशासाठी, की बाळाचं शिकणं बोलण्याच्या फार आधी सुरू होतं. ते पोटात असतानाच ऐकू लागतं. जन्मानंतर थोड्याच दिवसांत ते आईचा आवाज परक्या बाईच्या आवाजापासून वेगळा ओळखतं, हे डीकॅस्पर आणि फायफर यांनी १९८० साली दाखवलं. १९८४ साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी प्रयोगासाठी चक्क आपले 'त' आणि 'ट' घेतले. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळंही हा फरक ओळखत होती. वर्षाची होईतो बहुतेकांना तो कळेनासा झाला. म्हणजे पहिल्या वर्षातच बाळ आपल्या घरची भाषा वेचून घेत असतं.

पण अशा शास्त्राचा उपयोग बायकांवर ठपका ठेवायलाही होतो. अमेरिकेत हार्ट आणि रिस्ली यांनी ४२ कुटुंबांच्या अभ्यासावरून १९९५ साली मांडलं, की गरीब घरातल्या मुलांच्या कानांवर सुखवस्तू मुलांपेक्षा कोट्यवधी शब्द कमी पडतात. झालं! गरीब आया मुकाट असतात, असा बोलबाला झाला. पुढे २०१९ साली स्पेरी आणि सहकाऱ्यांनी आईखेरीज घरातल्या इतरांचं आणि आसपासचं बोलणंही मोजलं, तेव्हा हे चित्र टिकलं नाही. आपल्या वस्तीत बाळाशी एकटी आई बोलते का? आजी, आत्या, नळावरच्या बाया, सगळ्याच बोलतात.

बाळाला बोलणं हवंच. त्याने हुंकार दिला की कोणीतरी ओ द्यायला हवी. पण हे काम आहे, त्याला वेळ आणि उसंत लागते, हे कोणी मानतच नाही. २०१९ च्या सरकारी पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७. आई कामावर गेली की बाळ कोणाच्या कडेवर असतं? बहुधा आठ-दहा वर्षांच्या ताईच्या. धाकट्याचं शिकणं सुरू राहावं म्हणून थोरलीची शाळा सुटते. याचा हिशेब कोणत्या पाहणीत आहे?

अंगणवाडी योजना १९७५ साली आली. पण तिथलं शिकवणं तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी. त्याआधी मुख्यतः आहार, लसी आणि वजन. २०१७ च्या कायदादुरुस्तीने ५० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती केली. चार घरी राबणाऱ्या बाईला ते पाळणाघर कुठे शोधायचं?

म्हणून मैत्रिणींनो, माझ्या मते आपल्या मागण्यांत तीन गोष्टी यायला हव्यात. वस्तीवस्तीत पूर्ण वेळ चालणारं पाळणाघर, तिथल्या सेविकेला रीतसर पगार, आणि जन्मल्यावर प्रत्येक बाळाच्या कानांची तपासणी. बापांनी बाळाशी बोलायला तर कोणत्या योजनेचीही गरज नाही.

आमच्या मैत्रिणीच्या मुलाला आता कानात यंत्र बसवलं आहे. परवा तो हाक ऐकून वळला. ती पुन्हा रडली. पण या वेळी तिच्या मनात अपराधाची भावना नव्हती.