नकार देण्याचे काम विद्यापीठावर सोडा

गेल्या महिन्यात तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी शिफारसपत्र मागण्यासाठी माझ्याकडे आला. परदेशातील एका अत्यंत नामांकित विद्यापीठात अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गासाठी अर्ज करावा, असे त्याच्या मनात होते. गुणपत्रिका त्याने काहीशा संकोचानेच पुढे केली. दहापैकी सरासरी ६.४. पहिल्या वर्षी संख्याशास्त्रात एटीकेटी. पुढे मात्र प्रत्येक सत्रात चढते गुण. वडिलांच्या आजारपणामुळे त्या वर्षी तो औषधांच्या दुकानात रात्री अकरापर्यंत काम करीत असे, हे मला ठाऊक होते. गुणपत्रिकेला ते ठाऊक नव्हते. शिक्षकांच्या खोलीत ही गोष्ट निघाली तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे."

हा सल्ला सद्‌भावनेचाच होता. काही वर्षांपूर्वी मीही एका विद्यार्थिनीला नेमका हाच सल्ला दिला होता. "या गुणांवर तिथे कोण विचारणार? फी मात्र फुकट जाईल," असे मी म्हणालो आणि तिने अर्ज केला नाही. ती आज कोठे आहे हे मला माहीत आहे. ती कोठे असू शकली असती, हे कोणालाच कधी कळणार नाही. वर्गात संधी खर्चाची व्याख्या वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या माणसाला तो खर्च दुसऱ्याच्या माथी मारताना दिसला नाही, याची खंत आजही वाटते.

गुण म्हणजे अखेर काय? मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली मांडलेल्या उपपत्तीनुसार शिक्षण हा एक संकेत असतो. उमेदवाराची कुवत थेट दिसत नाही, म्हणून पाहणारा त्या संकेतावरून तिचा अंदाज बांधतो. मात्र हा संकेत मिळवण्याचा खर्च कुवतीनुसार कमीजास्त असावा, ही त्यातील कळीची अट आहे. तो खर्च जेव्हा घरच्या परिस्थितीनुसार बदलतो, तेव्हा संकेत कुवतीबरोबर परिस्थितीचीही माहिती देऊ लागतो; आणि पाहणाऱ्याला त्या दोन्ही वेगळ्या काढता येत नाहीत.

शिवाय ही मोजपट्टी दरवर्षी सारखी राहते असेही नाही. २०२१ साली महाराष्ट्रात दहावीची परीक्षा रद्द होऊन अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, तो ९९.९५ टक्के. त्याच वर्षी दिल्ली विद्यापीठातील काही महाविद्यालयांनी निवडक अभ्यासक्रमांसाठी प्रवेशाची किमान मर्यादा १०० टक्क्यांवर नेली. ९९ टक्के मिळवणारा जिथे 'कमी गुणांचा' ठरतो, तिथे दोष विद्यार्थ्यात शोधायचा की पट्टीत? पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी सामाईक परीक्षा आली, यातच त्याचे उत्तर आहे.

अर्थात सर्व दारे एका प्रकारची नसतात. काही ठिकाणी किमान टक्केवारी ही स्पष्ट अट असते. ती पूर्ण होत नसेल तर अर्जाची फी वाया घालवू नये. काही ठिकाणी प्रवेशपरीक्षा हाच मुख्य निकष असतो. तिथे जुन्या गुणांचे ओझे पुष्कळसे हलके होते आणि रडण्यापेक्षा अभ्यास करणे श्रेयस्कर ठरते. तिसरा प्रकार संपूर्ण अर्ज वाचणाऱ्या विद्यापीठांचा. गुणांची सरासरी, त्यांचा चढउतार, कोणते विषय घेतले, शिक्षकांची पत्रे, विद्यार्थ्याचा निबंध हे सारे तिथे पाहिले जाते. म्हणून ती दारे सैल आहेत असे मात्र कोणी समजू नये. हार्वर्डमध्ये अलीकडच्या काळात पदवीसाठी अर्ज करणाऱ्या शंभरांतून पाच जणांनाही प्रवेश मिळत नाही.

ही पद्धत निर्दोष आहे, असेही माझे म्हणणे नाही. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी २०२३ साली दाखवून दिले की, चाचणीत सारखेच गुण असूनही अमेरिकेतील सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतील मुले मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात तेथील अग्रगण्य महाविद्यालयांत पोचतात. त्याआधी, २०१३ मध्ये, कॅरोलिन हॉक्सबी आणि क्रिस्टोफर अ‍ॅव्हरी यांना याहून विदारक गोष्ट आढळली होती. गरीब घरांतील अत्यंत हुशार मुलांपैकी बहुसंख्य मुले निवडक महाविद्यालयांकडे अर्जच करीत नाहीत! उत्तम गुणांची मुले जर अशी स्वतःहून मागे राहतात, तर मध्यम गुणांच्या मुलांची काय कथा? सुखवस्तू घरातील मुलगा कमी गुण असतानाही निःसंकोच अर्ज करतो. आपला मुलगा आधीच स्वतःला नापास करून मोकळा होतो.

येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. परळच्या चाळीतल्या एका खोलीत केलेल्या अभ्यासाचे ते गुण. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंडांवर, ते कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनची डी.एस्सी. आणि कोलंबियाची पीएच.डी. या दोन्ही पदव्या त्यांनी मिळवल्या. त्या काळचे प्रवेश आणि आजची चुरस यांची तुलना होऊ शकत नाही, आणि कमी गुण मिळवणारा प्रत्येक जण थोर निघतो असा निष्कर्ष काढणे तर हास्यास्पद ठरेल. मुद्दा एवढाच की, गुणांपलीकडे पाहणारे कोणीतरी तिथे होते, आणि मागणाराही मागण्यास कचरला नाही.

अर्ज करणाऱ्यांना दोन गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात. कमी गुणांचे कारण दोन वाक्यांत, खरे आणि रडगाणे न गाता लिहावे. त्यानंतर आपण काय केले, हे दाखवावे. आणि सारी भिस्त एकाच विद्यापीठावर ठेवू नये. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर यांच्या २००२ सालच्या अभ्यासानुसार, निवडक महाविद्यालयात प्रवेश मिळूनही अन्यत्र शिकलेल्यांची मिळकत पुढे सरासरीने कमी भरली नाही. अधिक लाभ झाला तो गरीब घरांतील मुलांना. म्हणजे नकार आल्याने आयुष्य बुडत नाही; परंतु ज्याला दार उघडण्याचा सर्वाधिक उपयोग, तोच ते ठोठावीत नाही.

शिक्षकांनीही आपली जबाबदारी ओळखावी. 'मेहनती व सुशील' असे ठरावीक साच्याचे पत्र कोणाच्याच उपयोगी पडत नाही. आपण काय पाहिले ते लिहावे. त्या विद्यार्थ्याच्या पत्रात मी औषधांच्या दुकानाविषयी लिहिले, एटीकेटीविषयी लिहिले, आणि दुसऱ्या वर्षी त्याने आमच्या बाजार समितीतील कांद्याच्या भावांवर केलेल्या प्रकल्पाविषयी एक परिच्छेद लिहिला. तो वाचून नकार द्यायचा असेल तर विद्यापीठाने खुशाल द्यावा. तो त्यांचा अधिकार आहे. त्यांच्या वतीने तो आधीच बजावण्याचा अधिकार मात्र आपल्याला कोणी दिलेला नाही.