चवीचा थेंब, तलफेचा फास

गेल्या काही दिवसांत कुटुंब-पानाकडे येणाऱ्या पत्रांत आणि विहारातल्या रविवारच्या बैठकीत एक नवाच प्रश्न कानी येऊ लागला आहे. सोलापुरातील आपल्या माता-भगिनी विचारतात, "मुलाच्या दप्तरात पेनासारखी, धातूची एक वस्तू सापडली. सोबत आंब्याच्या वासाची एक चिमुकली बाटली होती. मुलगा म्हणतो, ही सिगारेट नव्हे, नुसती वाफ आहे. हे काय आहे आणि आम्ही काय करावे?" रागावण्याआधी ती वस्तू समजून घ्यावी, म्हणून आजचे हे टिपण.

या वस्तूला ई-सिगारेट किंवा 'व्हेप' म्हणतात. आजच्या स्वरूपातील ई-सिगारेट चीनमधील होन लिक या औषधतज्ज्ञाने 2003 च्या सुमारास तयार केली. तिच्यात तंबाखू जळत नाही. बॅटरीवर धातूच्या तारेचे एक वेटोळे तापते, त्यात कापसाची वात असते, वातीत द्रव भिजलेला असतो आणि त्याचा फवारा होऊन छातीत जातो. वेटोळे व वात असलेल्या भागाला 'अ‍ॅटोमायझर' म्हणतात. काहींत द्रवाची टाकी असते. काहींत टाकीच नसते. झाकण काढून वातीवर चार-सहा थेंब टाकायचे, काही झुरके घ्यायचे, वात सुकली की पुन्हा थेंब. यालाच 'ड्रिपिंग' म्हणतात. नवशिक्या पोरांना सांगितले जाते की, वेगवेगळ्या चवी चाखून पाहायच्या तर हेच बरे. टाकी धुवायला नको. आता आंबा, मग पुदिना, मग पान, मग कस्टर्ड. कोणते यंत्र घ्यावे, वेटोळे एक असावे की दोन, यावर पोरे तासन्‌तास बोलतात. पण मुळात हे छातीत घ्यावे का, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

तो प्रश्न आपण विचारू. द्रवात मुख्यतः प्रोपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन असते, वासाचे अर्क असतात आणि बहुधा निकोटीन असते. विकणारा सांगतो, ग्लिसरीन तर खाण्याच्या पदार्थांतही वापरतात. खरे आहे. पण पोटात जाणारी वस्तू आणि फुप्फुसात जाणारी वस्तू यांत फरक आहे. तिखट आपण रोज खातो, पण मिरची खांडताना तिची धूळ नाकात गेली की काय होते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. लोण्यासारखी चव देणारा डायअ‍ॅसिटिल हा पदार्थ खाण्यात चालतो. पण अमेरिकेत मक्याच्या लाह्यांच्या कारखान्यात त्याची वाफ हुंगणाऱ्या कामगारांना फुप्फुसाचा बरा न होणारा आजार जडल्याचे 2000 नंतर उघड झाले. काही ई-सिगारेटच्या द्रवांतही तोच पदार्थ आढळला आहे.

थेंब टाकण्याच्या पद्धतीत आणखी एक धोका आहे. वात पुन्हा पुन्हा कोरडी पडते आणि कोरड्या वातीवर तार जास्त तापते. द्रव असा जादा तापला की त्याचे विघटन होऊन फॉर्मल्डिहाईड व अ‍ॅक्रोलीनसारखे विषारी वायू तयार होतात. तारेतील निकेल, क्रोमियमसारख्या धातूंचे सूक्ष्म कणही फवाऱ्यात आढळले आहेत. बाटलीतले निकोटीन तर लहान लेकराने नुसते गिळले तरी जिवावर बेतू शकते. बाटलीवर 'निकोटीन नाही' असे छापले म्हणून निर्धास्त राहू नये. तपासणीत तशा बाटल्यांतही निकोटीन सापडले आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण अर्धसत्य सांगून मुलांचा विश्वास बसत नाही. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षे सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांना ती सोडण्यासाठी सरकारी आरोग्यसेवा व्हेपचा पर्याय सुचवते. कारण जळत्या तंबाखूच्या धुरापेक्षा त्याचा अपाय कमी आहे. पण जो ओढतच नाही, त्याने सुरू करू नये, असे तीच आरोग्यसेवा बजावते. पोरांच्या हाती पडणारे फेकाऊ व्हेप तर त्या देशाने 1 जून 2025 पासून विक्रीस बंद केले. अमेरिकेत 2019 साली व्हेपमुळे फुप्फुसाच्या आजाराची लाट आली. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 जण रुग्णालयात दाखल झाल्याची वा दगावल्याची नोंद झाली. मृत्यू 68 होते. त्याचे मुख्य कारण गांजाच्या अर्काच्या द्रवात मिसळलेले एक तेलकट द्रव्य होते. बाटलीत काय भरले आहे हे ओढणाऱ्याला कळत नाही, हाच त्यातला धडा.

आपल्या देशात तर हा सारा व्यापारच बेकायदा आहे. सप्टेंबर 2019 मध्ये वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी संसदेने कायदा केला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, वाटप, जाहिरात या सर्वांस बंदी आहे. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. साठा बाळगणाऱ्यासही शिक्षा आहे. तेव्हा जी बाटली मुलाच्या हाती येते ती चोरट्या वाटेने आलेली असते. तिची तपासणी कुणी केलेली नसते. चार मित्रांसाठी बाटल्या मागवून देणारे पोर उद्या पोलीस ठाण्यात उभे राहू शकते. आपल्या वस्तीतल्या मुलाच्या नावावर असा गुन्हा लागला, तर नोकरीच्या दारात तो किती जड जातो, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

सोलापूरकरांना निकोटीन नवे नाही. या शहरात हजारो बायकांनी सुपात तंबाखू घेऊन, टेंभुर्णीची पाने कातरून, हजाराच्या हिशेबाने विड्या वळत संसार उभे केले. कुंभारीला गोदूताई परुळेकर यांच्या नावाने महिला विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि 2006 साली तिची घरे कामगारांच्या ताब्यात आली. ही कष्टकरी बायकांच्या संघटित लढ्याची कमाई आहे. पण त्याच बायकांना विचारा, तंबाखूची धूळ छातीत गेली की काय होते. खोकला, दमा, डोळ्यांची आग यांचा हिशेब कुठल्याच कारखानदाराच्या वहीत नसतो. ज्या विषाची धूळ आईने पोटासाठी सोसली, तेच विष मुलाने आंब्याचा वास लावून मौजेखातर ओढावे काय? आम्हांला तरी यासारखी दुःखाची गोष्ट दुसरी वाटत नाही.

काही तरुण मोठ्या हुशारीने म्हणतात, "बुद्धाने कालामांना सांगितले की ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, स्वतः अनुभव घ्या. मग आम्ही चव घेऊन पाहिली तर काय बिघडले?" तरुणांनो, कालामांना केलेला उपदेश एवढ्यावर संपत नाही. एखादी गोष्ट अहिताची आहे, जाणते लोक तिला दोष देतात, तिच्यातून दुःख निपजते, असे स्वतःला कळले की ती सोडून द्या, असे भगवंतांनी सांगितले. आणि कळण्यासाठी प्रत्येक विष चाखावे लागत नाही. विहिरीची खोली उडी मारूनच मोजायची नसते. शिवाय चाखणाराच तलफेच्या ताब्यात गेला, तर निवाडा करायचा कुणी? झुरक्यातले निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते आणि पंचविशीपर्यंत मेंदूची घडण चालू असते. म्हणून या वयात लागलेली तलफ अधिक घट्ट बसते.

दुसरा युक्तिवाद असा की, पाचव्या शीलात मद्याचे नाव आहे, तंबाखूचे नाही. बरोबर आहे, बुद्धकाळी या भूमीत तंबाखू नव्हतीच, ती पोर्तुगीजांबरोबर आली. पण शील पाळायचे ते अक्षर मोजून नव्हे, कारण ओळखून. मद्य वर्ज्य सांगितले ते प्रमादाचे कारण म्हणून; मनाचा ताबा सुटतो म्हणून. आणि धम्माने तृष्णेचे प्रकार सांगताना रसतृष्णा व गंधतृष्णा यांची नावे स्पष्ट घेतली आहेत. एक चव संपली की दुसरी, दुसरी संपली की तिसरी. थेंबाथेंबाने चवी बदलण्याचा हा खेळ म्हणजे रसतृष्णेचे चालते-बोलते चित्रच होय.

आता पालकांनी काय करावे? पहिले, मारझोड करू नये; मार खाल्लेले पोर व्यसन सोडत नाही, लपवायला शिकते. शांतपणे विचारावे, केव्हापासून, किती, कुणाबरोबर. दुसरे, घरातल्या मोठ्यांनी स्वतःकडे पाहावे. आजीची मिश्री, बापाची विडी, काकांचा मावा चालू असताना मुलाला उपदेश लागू पडत नाही. बापलेकांनी एकाच दिवशी सोडायचे ठरवले, तर त्याचा उपयोग मोठा होतो. तिसरे, सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप उडते, अभ्यासात लक्ष लागत नाही. तो मुलाचा उद्धटपणा नव्हे, तलफ उतरण्याची खूण आहे. त्या दिवसांत घरच्यांनी सांभाळून घ्यावे. चौथे, सरकारची तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा 1800-11-2356 या क्रमांकावर मोफत आहे. तेथे सल्ला मिळतो. खोकला वा धाप असेल तर सरळ सिव्हिल हॉस्पिटल गाठावे आणि डॉक्टरांपासून काही लपवू नये. त्या यंत्राची बॅटरीही चुलीत वा कचऱ्यात टाकू नये. ती फुटून भाजण्याचा धोका असतो.

वस्तीतल्या तरुण मंडळांनाही आमचे सांगणे आहे. 14 एप्रिलच्या मिरवणुकीची बैठक बसेल तेव्हा झेंडा आणि वाद्यांबरोबर हा विषयही घ्या. 1956 साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, ती आपण मोठ्याने म्हणतो. तिच्या शेजारी या नव्या व्यसनाची ओळख पोरांना करून द्या. जिभेला चव हवी तर सोलापुरात तिला तोटा नाही: कडक भाकरी आहे, शेंगाची चटणी आहे, हंगामात हुरडा आहे. ती चव पोट भरते आणि माणसाला गुलाम करीत नाही. ज्या समाजाने शतकांची गुलामी झुगारली, त्याच्या लेकरांनी चार थेंबांची गुलामी पत्करू नये, एवढीच आमची कळकळीची विनंती. जयभीम!