पीठ न मळता होणारा पाव

संधिवाताने बोटे आखडली की घट्ट कणीक तिंबणे नकोसे होते. आज ज्या पावाविषयी लिहितो आहे, त्याचे पीठ मळावे लागतच नाही. उत्तर पोर्तुगालमधील त्राझ-उझ-मोंतिश या डोंगराळ प्रांतातला हा राय नावाच्या धान्याचा पाव. (ही फोडणीतली राई नव्हे, राय हे गव्हाच्या जातकुळीतले धान्य. आपला ‘पाव’ हा शब्द मात्र खरोखरच पोर्तुगीजांकडून आलेला.) थंडी कडाक्याची आणि जमीन हलकी, अशा ठिकाणी गहू नांगी टाकतो, राय तग धरते. तेथील बारोझू भागात ग्रॅनाइटच्या दगडांनी बांधलेल्या सामायिक भट्ट्या आहेत. त्यांना ‘गावाची भट्टी’ म्हणत. घरोघरचे पाव त्यांत भाजले जात आणि एकदा भाजलेला पाव बरेच दिवस पुरवला जाई.

रायच्या पिठात गव्हासारखे ताणले जाणारे ग्लुटेनचे जाळे तयार होत नाही. त्यातील तंतू भरपूर पाणी धरून ठेवतात आणि चिकट लगदा होतो. तो लाकडी चमच्याने ढवळला की पुरे.

विरजण राखतो तसे आंबवण घरी राखावे. रायचे पीठ व पाणी समभाग कालवून झाकून ठेवावे. रोज निम्मे काढून तेवढेच ताजे घालावे. आपल्या हवेत चार-पाच दिवसांत ते फसफसून फुगू लागते. गुलाबी वा केशरी छटा किंवा बुरशी दिसली, तर सारेच फेकून द्यावे. वृद्धांच्या घरी येथे काटकसर नको. अशा 200 ग्रॅम आंबवणात 200 ग्रॅम रायचे पीठ, 200 ग्रॅम कणीक, सुमारे 275 मिलिलिटर कोमट पाणी आणि 6 ग्रॅम मीठ मिसळावे. आंबटपणा केवळ चवीपुरता नसतो. त्यावाचून रायचा पाव आतून गिच्च राहतो. ओल्या हाताने गोल आकार देऊन, पीठ भुरभुरलेल्या ताटलीवर तीन-एक तास फुगू द्यावा. मग ओव्हनमध्ये 230 अंशांवर 15 मिनिटे आणि 200 अंशांवर आणखी सुमारे 40 मिनिटे भाजावा. तापलेले ताट वृद्धांनी उचलू नये. दुसऱ्या दिवसापर्यंत कापूही नये. आतला ओलावा तोवर स्थिरावतो.

मीठ मी मुद्दाम कमी सांगितले आहे. पोर्तुगालनेही 2009 मध्ये कायदा करून तयार पावातील मीठ 100 ग्रॅमला 1.4 ग्रॅमपर्यंत मर्यादित केले. रोज खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थातले मीठ रक्तदाबाच्या रुग्णाच्या पोटात नकळत साचत जाते.

बद्धकोष्ठाने त्रासलेल्यांना यातील तंतूंचा उपयोग होतो, मात्र दिवसभर पाणी पुरेसे हवे. हृदयविकार वा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून घ्यावे लागते, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. नुकतीच आतड्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर तूर्त हा पाव नको. मधुमेही मंडळींनी ‘राय म्हणजे मोकळीक’ असे समजू नये. हेही पिष्टमय अन्नच आहे. पावाची चकती खाल्ली, तर तेवढी भाकरी कमी करावी. आणि सीलिॲक आजारात राय पूर्णतः वर्ज्य. ग्लुटेन ताणले जात नसले, तरी असतेच.

कवळी लावणाऱ्यांसाठी वरचा कडक पापुद्रा काढून टाकावा आणि आतला भाग पातळ वरणात वा सारात भिजवून द्यावा. पोर्तुगालमध्येही शिळा पाव सूपमध्ये मुरवून खाण्याची जुनी रीत आहे. पक्षाघातानंतर किंवा कंपवातात मात्र घास घेताना ठसका लागत असेल, जेवणानंतर आवाज घोगरा होत असेल, तर पाव भिजवलेलाही देऊ नये. गिळण्याची तपासणी आधी, पाव नंतर.