आमचाही डेक

न्यू जर्सीच्या आतेभावाने घरामागच्या परसात पोहण्याचा तलाव बांधला, हे आम्ही सोसले. पण यंदाच्या उन्हाळ्यात त्याने तलावाकाठी कपडे बदलायला एक टुमदार लाकडी घर आणि त्यापुढे बसायला फळ्यांचा प्रशस्त ओटा बांधला. त्याला तिकडे ‘डेक’ म्हणतात. फोटो आले. सौभाग्यवतींनी ते चष्मा लावून पाहिले, चष्मा काढून पाहिले आणि म्हणाल्या, “आपल्यालाही काही वाढवता येईल का हो?”

आम्ही राहतो गिरगावात, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, टोकाच्या खोलीत. तलाव म्हणाल तर तीन फूट बाय तीन फुटांची मोरी. डेक म्हणाल तर दारापुढची गॅलरी. आमच्या पुढे कुणाची ये-जा नाही. तेव्हा तिथे आडभिंत घालून बारावीतल्या चिरंजीवांना अभ्यासाची खोली करावी, असे ठरले.

मराठीचा प्राध्यापक असूनही मी आधी कायदा वाचला. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा मोठा समजूतदार आहे. लाकडी आडभिंत, स्वयंपाकाचा उभा ओटा, दार, जाळी, वाऱ्यासाठी खिडकी, एवढ्याला मालकाची परवानगी लागत नाही. मी हे विजयी मुद्रेने वाचून दाखवले. शेजारच्या आजी तेवढ्या म्हणाल्या, “ते तुझ्या खोलीत रे. गॅलरी सगळ्यांची.” आजी रोज संध्याकाळी आमच्याच टोकाला पाट टाकून वाऱ्याला बसतात. त्यांचे मत हितसंबंधी ठरवून मी बाद केले.

सुतार आला. टेप काढण्याआधी तो खालच्या मजल्यावर गेला, स्टुलावर चढला आणि आमच्या गॅलरीच्या तुळईत त्याने पटाशी खुपसली. श्रीखंडात चमचा जावा तशी ती आत गेली.

“सर, भिंत कसली घालताय? टोक कुजलंय. वर पाण्याचं काही ठेवलंय का?”

ठेवले होते. पहाटेचे पाणी साठवायचे दोनशे लिटरचे पिंप, वडिलांच्या काळापासून. म्हणजे दोनशे किलोंचा भार, आणि रोजची सांडलवंड नेमकी तुळई भिंतीत शिरते तिथे. तिथली ओल सुकत नाही, आणि ओल्या लाकडाला बुरशी सोडत नाही. त्याच तुळईवर आजी रोज तासभर बसत होत्या.

त्या रात्री झोप लागली नाही. जुन्या चाळीचे काही कोसळल्याची बातमी दर पावसाळ्यात येते. आपण मालकाला नावे ठेवून पान उलटतो. इथे नाव ठेवायला मीच होतो. रात्रीच पिंप रिकामे केले. सकाळी प्रत्येक बिऱ्हाडात जाऊन सांगितले. वर्गात कधी अडखळलो नाही इतका अडखळलो. तळमजल्यावरचे तात्या एवढेच म्हणाले, “बरं झालं, तुला डेक सुचला.”

मालकाला लेखी कळवले. टेकू लागले, नवी तुळई बसली. आडभिंतीचे पैसे त्यात गेले. उरलेल्याला चाळ उभी राहिली.

आणि अभ्यासाची खोली? आजी म्हणाल्या, “संध्याकाळी मी बाहेरच असते. माझ्या खोलीत बसू दे त्याला.” चिरंजीव आता तिथे बसतात. अभ्यास पुस्तकांचा कमी आणि आजींच्या डब्यातल्या लाडवांचा अधिक चालतो, असा सौभाग्यवतींना संशय आहे.

आतेभावाला मीही फोटो धाडला: दुरुस्त गॅलरी, पोरांनी आतापासूनच टांगलेला आकाशकंदील, पाटावर आजी. त्याने विचारले, “डेक झकास! तलाव कुठाय?”

मी कळवले, “मोरीत. हल्ली अर्धाच भरतो.”