दगडालाही विरजण लागतं

"आई, मला निमो पाहिजे!" गेल्या दिवाळीच्या सुट्टीत धाकट्याने धोशा लावला. निमो म्हणजे नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाऊनफिश. तो खाऱ्या पाण्यातला मासा. त्याच्या टाकीत 'लाईव्ह रॉक' म्हणजे जिवंत दगड ठेवतात, असं कळलं. शहरातल्या दुकानात गेलो, तर दुकानदाराने ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला दगड हळूच पुढे केला. "ताजा आहे ताई, थेट समुद्रातला!"

माझा हात तिथेच थांबला.

हा दगड म्हणजे खरं तर मेलेल्या प्रवाळांचा चुनखडीचा सांगाडा. जिवंत असतात ते त्याच्या छिद्रांतले जिवाणू. माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया ते आधी नायट्राइटमध्ये, मग कमी घातक अशा नायट्रेटमध्ये बदलतात. टाकीचं सफाई खातंच म्हणा ना! पण आपल्याकडे 2001 पासून प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसवलंय. मालवणला जाऊन प्रवाळ डोळे भरून बघावेत, दिवाणखान्यात आणू नयेत.

मग आम्ही सच्छिद्र सिरॅमिकचे दगड आणले. ब्रशने घासले, पाणी बदलत दोन दिवस भिजवले. आरओच्या पाण्यात समुद्री मीठ कालवून त्यात ते रचले, पंप सुरू केला, दिवा मात्र बंद. बाटलीत मिळणारे जिवाणू घातले, ते आमचं विरजण! त्यांना खाऊ म्हणून चिमूटभर माशांचं खाद्य. ते कुजून अमोनिया वाढला, मग नायट्राइट वाढलं. दोन्ही शून्यावर यायला सात आठवडे लागले. तोवर एकही मासा आणला नाही. घाई केली असती, तर पहिल्याच आठवड्यात तो उलटा तरंगला असता.

"झालं का?" लेक रोज विचारायचा. "दही लावून आपण सारखं ढवळतो का रे?" मी म्हणायचे. दोन दिवसांत पार्सल दारात येणाऱ्या या पिढीला थांबणं कोण शिकवणार? आमच्याकडे ते दगडांनी शिकवलं.

तुमच्याही घरी असा हट्ट झाला, तर दुकानदाराला आधी विचारा, "हा दगड आला कुठून?" उत्तर देताना तो घुटमळला, तर सरळ पायरी उतरा. आणि हो, पाणी बदलायचं काम पहिल्याच दिवशी लेकाच्या नावावर लिहून टाका. छंद मुलांचा आणि राबणार आई, हे आता पुरे!