देव काय 'नाही'?

देव कसा आहे, यावर हॉस्टेलमध्ये रात्र-रात्र वाद रंगतात. गंमत म्हणजे प्रत्येकाला उत्तर पाठ असतं! बाराव्या शतकातला ज्यू तत्त्वज्ञ आणि वैद्य मायमोनिडीज मात्र म्हणतो, देव कसा आहे हे सांगताच येत नाही. तो काय नाही, एवढंच सांगता येतं. त्याला शरीर नाही, त्याचे भाग नाहीत. धर्मग्रंथातला 'देवाचा हात' ही फक्त बोलण्याची रीत.

मग प्रार्थना कोणाची करायची? हस्दाई क्रेस्कस या ज्यू विचारवंतानेच १४१० च्या ग्रंथात त्याला विरोध केला : देवाला खरेखुरे गुण आहेत. मुद्दा बिनतोड आहे. तरीही मला मायमोनिडीजच पटतो. देव पुरता कळला असं मानणारा त्याच्या नावाने दुसऱ्यावर हुकूम सोडतो. 'कळला नाही' म्हणणारा निदान समोरच्याचं ऐकून तरी घेतो. मित्रांनो, बघा पटतंय का!