झोप अनावर होते, तेव्हा स्टेअरिंग कोणाच्या हाती?

उलव्याहून अटल सेतूवर गाडी चढली की शिवडीपर्यंत सिग्नल नाही. वेगमर्यादा ताशी 100 किलोमीटर आणि वाटेत थांबायला मनाई. अशा एकसुरी रस्त्यावर निरोगी माणसालाही पेंग येते. नार्कोलेप्सीच्या रुग्णाला तर ती आवरतच नाही.

हा आळस नव्हे. आपल्याला जागे ठेवणारे ओरेक्सिन नावाचे रसायन मेंदूतील काही पेशी बनवतात. नार्कोलेप्सीच्या एका प्रकारात त्या बहुतांशी नष्ट झालेल्या असतात. मग रात्री आठ तास झोपूनही दिवसा झोप झडप घालते. काहींचे खळखळून हसतानाही गुडघे लटपटतात, मान खाली पडते. शुद्ध मात्र असते. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात.

त्याहून फसवी अवस्था म्हणजे अर्धवट झोपेत हात चालू राहणे. गव्हाण फाट्याला वळायचे असते, माणूस बराच पुढे जातो आणि मधला रस्ता त्याला आठवतच नाही. घरात हेच गॅसवरच्या उकळत्या तेलासमोर घडते.

त्रास बहुधा किशोरवयात किंवा तरुणपणी सुरू होतो, म्हणजे नेमका लायसन्स काढायच्या वयात. लायसन्सच्या फॉर्म 1 मध्ये फिट, अचानक शुद्ध हरपणे, चक्कर यांची विचारणा आहे. झोपेबद्दल वेगळा प्रश्न नाही. ‘इतर कोणताही आजार’ असे मोघम विचारले आहे. ज्याला घरचे लहानपणापासून ‘कुंभकर्ण’ म्हणत आले, तो तिथे काय लिहिणार? माझ्या मते हा प्रश्न स्पष्टपणे विचारायला हवा. मात्र कायमची बंदी नको, नाहीतर लोक आजार लपवतील. ब्रिटनमध्ये नार्कोलेप्सी कळवणे बंधनकारक आहे, पण लक्षणे आटोक्यात आली की लायसन्स मिळू शकते. मला हे पटते.

निदानासाठी रात्रभर झोपेची तपासणी होते आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी डुलकी घ्यायला लावून किती मिनिटांत झोप लागते ते मोजतात. मोडाफिनिलसारखी औषधे आणि ठरवून घेतलेली 15-20 मिनिटांची डुलकी यांनी बराच फरक पडतो. काच खाली करणे, मोठ्याने गाणी लावणे यावर विसंबू नका. झोप आटोक्यात आल्याचे डॉक्टर सांगेपर्यंत गाडी दुसऱ्याला चालवू द्या, नाहीतर खारकोपरहून लोकल पकडा. आणि लोकलमध्ये दारात उभे राहू नका.